सिलिंडर घरात आला, मग चूल का विझली नाही?

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि समाज’ असा विषय दिला आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे आज कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा आणि नोकऱ्या यांवर काहीतरी ऐकायला मिळेल असं तुम्हाला वाटलं असेल. मी चुलीवर बोलणार आहे.

सुरुवातीला एक छोटं काम करू. तुमच्यापैकी किती जणांच्या गावच्या घरी आजही चूल पेटते? हात वर करा. बरेच हात दिसतायत. आता ज्यांच्या त्याच घरात गॅसची शेगडी आणि सिलिंडरही आहे, त्यांनी हात तसाच वर ठेवा, बाकीच्यांनी खाली घ्या.

बघा, फारसे हात खाली आले नाहीत. आजचा विषय हाच आहे. गॅस आला, तरी चूल का राहिली? या प्रश्नाचं उत्तर नीट शोधलं, तर गरिबांसाठीच्या बहुतेक योजना कुठे अडखळतात हेही कळतं.

धूर म्हणजे वाया गेलेलं सरपण

थोडं विज्ञान आधी. लाकूड थेट जळत नाही. ते आधी तापतं, त्यातलं पाणी निघून जातं, मग त्यातून वायू सुटतात आणि ते वायू हवेशी मिसळून पेट घेतात. आपल्याला ज्वाळा दिसते ती या वायूंची. सरपण ओलं असेल, खालून हवा मिळत नसेल, किंवा ज्वाळा पूर्ण जळायच्या आतच भांड्याच्या गार बुडाला टेकली, तर जळण अर्धवट राहतं. त्यातून बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. त्यालाच आपण धूर म्हणतो.

शिवाय जी उष्णता तयार होते तिचा मोठा भाग भांड्याला लागतच नाही. तो बाजूने निसटतो किंवा चुलीची माती तापवण्यात जातो. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत सरपणातली साधारण दहा ते पंधरा टक्केच ऊर्जा भांड्यापर्यंत पोचते. गॅसच्या शेगडीत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास असतं.

आता कागदावर एक हिशोब करू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅसमध्ये साधारण ४६ मेगाज्यूल ऊर्जा असते, वाळलेल्या लाकडात किलोला साधारण १६. गॅस साठ टक्के आणि साधी चूल दहा टक्के धरली, तर एका सिलिंडरचं काम करायला चुलीला सुमारे २४५ किलो लाकूड लागतं. वीस-पंचवीस किलोची एक मोळी धरा. म्हणजे दहा ते बारा मोळ्या. तीच चूल सुधारून २५ टक्क्यांवर नेली, तर लाकूड शंभर किलोच्या आत येतं, म्हणजे चार-पाच मोळ्या. घरात प्रत्यक्ष आकडे इतके छान येत नाहीत, पण फरकाचा अंदाज येतो. बाकीच्या सहा-सात मोळ्या कुणाच्या डोक्यावरून येतात, हे तुम्हाला माहीत आहे.

हा झाला मेहनतीचा भाग. दुसरा भाग छातीचा. हवेतले जे बारीक कण फुप्फुसात खोल जातात, त्यांना पीएम २.५ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा आहे वर्षाच्या सरासरीने घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम. आपल्या देशाची मर्यादा ४०. चुलीवर स्वयंपाक चालू असताना बंद खोलीत हा आकडा शेकड्यांत असतो आणि कधी हजाराच्याही वर जातो. दिल्लीची हवा बिघडली की टीव्हीवर चर्चा होते. गावच्या स्वयंपाकघरात ती हवा रोज दोन वेळा तयार होते, पण तिथे कुणी यंत्र लावलेलं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २१० कोटी लोक आजही उघड्या जाळावर किंवा धूर करणाऱ्या चुलींवर स्वयंपाक करतात, आणि घरातल्या या धुरामुळे २०२० मध्ये ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक मुलं होती. न्यूमोनिया, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, मोतीबिंदू आणि श्वासनलिकेचा जुनाट आजार या सगळ्यांशी या धुराचा संबंध आहे. आयुष्यात कधी विडी ओढली नाही अशा बाईला पन्नाशीत धाप लागते, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं.’

ऐंशी वर्षांचे प्रयत्न

आपल्याकडे हे कुणाला सुचलंच नाही असं नाही. ग्रामोद्योगाच्या चळवळीतून स्वातंत्र्याच्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ तयार झाली. १९५० च्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत धुराड्याची चूल तयार झाली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या.

तीन कोटी! आणि आज गावात जाऊन विचारा, त्यातली एखादी तरी दिसते का? बहुतेक चुली दोन-चार वर्षांत फुटल्या, धुराडी काजळीने बुजली, आणि ती साफ कोण करणार, मोडली तर नवी कुठून आणणार, याचं उत्तर कार्यक्रमात नव्हतं. उद्दिष्ट चुली बसवण्याचं होतं आणि ते पूर्ण झालं.

त्याच काळात चीननेही असाच कार्यक्रम राबवला आणि दहा कोटींहून अधिक घरांत सुधारित चुली पोचवल्या. तिथल्या तीन गोष्टी वेगळ्या होत्या. सरपणाची टंचाई आणि लोकांची तयारी जिथे होती ते जिल्हे आधी निवडले. चुलीचा बहुतेक खर्च कुटुंबाने स्वतः केला. आणि बांधणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या स्थानिक कारागिरांचा व्यवसाय उभा राहिला. म्हणजे चूल बिघडली तर हाक मारायला माणूस होता.

महाराष्ट्रातही असं काम झालं. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, कुंभारांना आणि गावातल्या बायकांना साचे देऊन सुधारित चुली बनवायला शिकवलं. लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी अशी त्या चुलींची नावं. सरकारी अनुदान थांबल्यावरही या चुली विकून कारागिरांचं पोट चालावं, असा प्रयत्न त्यांनी केला. ज्याने चूल विकली तोच पुढच्या बाजारात भेटतो, यात मोठी ताकद असते.

एक उदाहरण उलट बाजूचं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विकसित झालेली ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची शेगडी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात चार लाखांच्या आसपास विकली गेली. शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्या तिचं जळण. शेगडी चांगली होती. पण पुढे कच्चा माल महागला, तशा गोळ्या महागल्या, आणि घरातल्या शेगड्या एकेक करून बंद पडल्या. यंत्र उत्तम असूनही जळणाची साखळी तुटली की सगळं तुटतं.

मग आली उज्ज्वला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात ती सुरू झाली. आठ कोटींचा टप्पा ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये, जाहीर झाला. आज देशात दहा कोटींहून अधिक उज्ज्वला जोडण्या आहेत. बाईच्या नावाने जोडणी हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. हे काम मोठं आहे, आणि ते मोठं आहे असं म्हणण्यात आपण कंजुषी करू नये.

आता दुसरा आकडा ऐका. उज्ज्वलाच्या एका घराने वर्षाला सरासरी किती सिलिंडर भरून घेतले? २०१९-२० मध्ये ३.०१. २०२३-२४ मध्ये ३.९५. पाच माणसांच्या कुटुंबाचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर साधारण आठ-दहा लागतात. म्हणजे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस अजून चुलीकडेच आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही ग्रामीण भारतातली ४३.२ टक्केच घरं स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरताना दिसली.

‘वो मेहमानां के वास्ते’

मराठवाड्यातल्या एका गावात माझी फुप्पू राहते. तिच्या घरात गॅस आहे. सिलिंडरला जुन्या साडीचं कव्हर, शेगडी पुसून चकचकीत. बाहेर पत्र्याखाली चूल, तिच्यावर भाकऱ्या. मी विचारलं, ‘फुप्पू, गॅस असताना चूल कशाला?’ ती म्हणाली, ‘गॅस है ना बेटा, पन वो मेहमानां के वास्ते.’

मी तिच्यासोबत बसून दिवसभराचा जाळ लिहून काढला. सकाळचा चहा गॅसवर. अंघोळीचं पाणी बंबावर, त्यात तुऱ्हाट्या आणि काटक्या. भाजी कधी गॅसवर, कधी चुलीवर. भाकरी चुलीवरच. रमजानमध्ये सहेरीला गॅस, कारण पहाटे चूल पेटवायला वेळ नसतो. पाहुणे आले तर गॅस. पाऊस लागला तर गॅस. कापूस निघून पऱ्हाट्या घरात आल्या की दोन महिने गॅसला हातसुद्धा नाही.

हे वेडेपण नाही, हिशोब आहे. गॅस ही तिच्या घरातली महाग आणि चांगली वस्तू आहे, म्हणून ती जिथे सगळ्यात जास्त उपयोगी तिथेच वापरते. आपण मोबाइलचा डेटा असाच पुरवून वापरत होतो, आठवतंय ना?

आता एकेक कारण बघू.

पहिलं भाकरी. आठ माणसांच्या घरात दोन वेळच्या वीस-पंचवीस भाकऱ्या होतात. तव्यावर भाजून मग निखाऱ्याशी उभी केली की भाकरी टम्म फुगते. गॅसवरही फुगते, पण वेळ जास्त लागतो आणि मोठा तवा लहान शेगडीवर नीट बसत नाही. चवीचा मुद्दाही खरा आहे, त्याला हसू नका. कुठलीही नवी शेगडी गावात न्यायची असेल तर तिची पहिली परीक्षा भाकरीची. प्रयोगशाळेत पाण्याचं भांडं उकळून चाचणी घेतात. गावात त्या चाचणीला कुणी विचारत नाही.

दुसरं पाणी. अंघोळीचं पाणी तापवायला भरपूर ऊर्जा लागते, आणि ते गॅसवर तापवणं कुणालाही परवडत नाही. चुलींच्या योजना फक्त स्वयंपाकाचा विचार करतात. बंब कुणाच्या आराखड्यातच नसतो. स्वयंपाकघरातली चूल गेली तरी अंगणातला जाळ राहतो, आणि त्याच्या धुराला दार-खिडकी चांगली माहीत असते.

तिसरं कारण पैसा, आणि ते सगळ्यात मोठं. २०२५ मध्ये उज्ज्वलाचा सिलिंडर अनुदान वजा जाता पाचशे-साडेपाचशे रुपयांना पडत होता. अनुदान ३०० रुपये होतं, आणि २०२५-२६ साठी ते वर्षाला नऊ सिलिंडरपर्यंत ठेवलं होतं. आपल्या राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन मोफत सिलिंडर जाहीर केले. पण अनुदान नंतर खात्यात येतं. सिलिंडर दारात आला त्या क्षणी पूर्ण रक्कम मोजावी लागते. रोजंदारीच्या घरात आठशेच्या वरची रक्कम एकदम हातात असणं ही महिन्यातून एखाद्या दिवसाची गोष्ट असते.

आणि समोर सरपण ‘फुकट’ असतं. हा शब्द नीट तपासा. सरपण फुकट का वाटतं? कारण ते आणणाऱ्या बाईच्या वेळेची किंमत घराच्या हिशोबात धरलेली नसते. तिने आठवड्यातले दोन दिवस मोळीसाठी घालवले, तर खर्चाच्या रकान्यात शून्य. सिलिंडरचे पैसे मात्र खिशातून जाताना दिसतात, आणि तो खिसा बहुतेक वेळा पुरुषाचा असतो. सरपण आणते बाई, धूर खाते बाई, आणि सिलिंडर भरायचा की नाही हे ठरवतो दुसराच. चूल विझत नाही याचं मूळ कारण मला इथे दिसतं.

याला पुरावा आहे. काही वर्षांपूर्वी ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि भारतात तमिळनाडू अशा चार ठिकाणी ३,२०० गरोदर स्त्रियांबरोबर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या घरांना शेगडी आणि अठरा महिने हवा तेवढा गॅस मोफत घरपोच दिला. त्या घरांतली चूल जवळपास पूर्ण बंद झाली. म्हणजे ‘गावच्या बायकांना चूलच आवडते, त्या बदलत नाहीत’ हे आपण सभांमध्ये ऐकतो ते खरं नाही. गॅस परवडला आणि वेळेवर आला, की त्या बदलतात.

आपण नेमकं काय मोजतो?

माझ्या धंद्यात एक साधी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. एखादं ॲप एक कोटी लोकांनी डाउनलोड केलं, याला फारसा अर्थ नाही. आज किती जणांनी उघडलं, महिनाभराने किती जण परत आले, हे विचारतात. डाउनलोडच्या आकड्यावर खूश होणाऱ्या कंपनीला गुंतवणूकदार पैसे देत नाहीत. पण चुलींच्या बाबतीत आपण साठ-सत्तर वर्षं डाउनलोडच मोजत आलो आहोत.

ओडिशातला एक अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ४४ गावांतल्या सुमारे २,६०० घरांचा पाठपुरावा केला. तिथे एक स्वयंसेवी संस्था धुराड्याच्या मातीच्या चुली बांधून देत होती. कुणाला आधी मिळणार हे सोडत काढून ठरवलं, त्यामुळे तुलना चोख झाली. पहिल्या वर्षी बायकांच्या शरीरात जाणारा धूर कमी झाला. पुढच्या वर्षांत तो फरक नाहीसा झाला. सरपण वाचलं नाही, तब्येतीत बदल दिसला नाही. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, डागडुजी झाली नाही. अभ्यास पहिल्याच वर्षी थांबवला असता, तर ही यशोगाथा ठरली असती.

मोजायचं तंत्र आता अवघड नाही. चुलीच्या आणि शेगडीच्या बाजूला बटणाएवढा तापमान नोंदवणारा सेन्सर लावतात. तापमान कधी चढलं, कधी उतरलं, यावरून कोणता जाळ किती वेळ पेटला ते कळतं. विचारलं तर लोक भिडेखातर ‘वापरतो की’ म्हणतात. सेन्सरला भीड नसते. मात्र एक अट पाळायला हवी. त्या बाईला पूर्ण समजावून, तिची परवानगी घेऊनच तो लावायचा, आणि मिळालेली माहिती आधी तिला दाखवायची. तिच्या स्वयंपाकघरावर पाळत ठेवणं हे आपलं काम नाही.

मोजण्यातल्या ढिलाईचा आता मोठा बाजारही झाला आहे. चुली वाटून जेवढं लाकूड वाचलं तेवढे कार्बन क्रेडिट विकता येतात. २०२४ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. तपासलेल्या चूल-प्रकल्पांनी खऱ्या बचतीच्या सुमारे नऊपट क्रेडिट घेतले, असा त्याचा निष्कर्ष होता. चूल किती दिवस पेटली, जुनी चूल बंद झाली का, किती लाकूड वाचलं, हे सगळं फुगवून धरलं होतं. तुमच्या गावात उद्या कुणी फुकट चूल घेऊन आलं, फोटो काढला आणि सही मागितली, तर दोन प्रश्न विचारा. सहा महिन्यांनी तुम्ही परत येणार का? आणि ही बिघडली तर कुणाला फोन करायचा?

वचन जपून द्या

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सुधारित चूल म्हणजे कमी धूर, धूर शून्य नव्हे. आणि धूर निम्मा झाला म्हणजे आजार निम्मा होतो असं नाही. खूप धुरातून मध्यम धुरात आल्याने तब्येतीला मिळणारा फायदा बराच कमी असतो. मोठा फायदा अगदी स्वच्छ हवेजवळ गेल्यावर मिळतो. आफ्रिकेतल्या मलावीत दहा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला. पंख्याच्या चांगल्या चुली दिल्या, तरी मुलांच्या न्यूमोनियात फरक पडला नाही. मघाशी सांगितलेल्या चार देशांच्या चाचणीत धूर खूप कमी झाला, तरी बाळांच्या जन्माच्या वजनात ठळक फरक आढळला नाही. शेजारच्या घराचा धूर, जळणारा कचरा आणि कुपोषण आहेच, आणि तीस वर्षांचा धूर अठरा महिन्यांत छातीतून जात नाही.

म्हणून गावात जाऊन ‘ही चूल घ्या, खोकला जाईल’ असं सांगू नका. ते खोटं ठरेल आणि पुढच्या माणसावर लोक विश्वास ठेवणार नाहीत. ‘निम्म्या मोळ्या वाचतील, भांडी कमी काळी होतील, डोळे कमी चुरचुरतील’ असं सांगा. हे वचन पाळता येतं. आरोग्याचं उद्दिष्ट मात्र गॅस, वीज किंवा बायोगॅस हेच ठेवा.

बायोगॅस सगळीकडे चालत नाही. एक घनमीटर गॅससाठी रोज साधारण २५ किलो शेण लागतं, म्हणजे जनावरं हवीत. भूमिहीन घराला त्याचा उपयोग नाही. इंडक्शन शेगडी उत्तम, पण संध्याकाळी वीज जाणाऱ्या गावात ती शोभेची वस्तू होते. ऊसतोडीला जाणारं कुटुंब सहा महिने कोपीत राहतं. त्यांना सोबत नेता येणारा पाच किलोचा सिलिंडर उपयोगी पडतो. उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वतःचं लेखी निवेदन पुरतं, हे किती जणांना माहीत आहे? सगळ्यांना एकच चूल हे उत्तर असूच शकत नाही.

तुम्ही काय करू शकता

आता कामाचं बोलू. यातल्या कुठल्याच गोष्टीला संस्था नोंदवावी लागत नाही.

एक. सुट्टीत गावी गेलात की आपल्या घरापासून सुरुवात करा. एक दिवस अम्मीजवळ, दादीजवळ, फुप्पूजवळ बसून कोणत्या कामाला कोणता जाळ ते लिहा. चहा, भाजी, भाकरी, पाणी, जनावरांचं खाद्य. मग मोहल्ल्यातल्या पाच घरांत तेच करा. सल्ला द्यायला जाऊ नका, विचारायला जा.

दोन. गॅसचं पुस्तक उघडा. गेल्या बारा महिन्यांत किती नोंदी आहेत? कमी असतील तर कारण शोधा. केवायसी अडली आहे का? अनुदान भलत्याच खात्यात जातं का? जोडणी सासूच्या नावावर आणि सासू हयात नाही, असं आहे का? वितरकाच्या दुकानापर्यंत जायलाच शंभर रुपये लागतात का? यातली निम्मी अडचण एक अर्ज, एक फोन आणि एक फेरी यांनी सुटते. तुमच्या हातात मोबाइल आहे आणि फॉर्म वाचता येतो, ही इथे मोठी ताकद आहे. नळी तडकलेली असेल तर बदलून द्या, आणि गळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. गॅसची भीती हेही तो न वापरण्याचं एक कारण असतं.

तीन. पैशाची सोय. बायकांची भिशी किंवा बचत गट सिलिंडरसाठी बिनव्याजी उचल देऊ शकतो. अनुदान आलं की परत. अडचण एकरकमी रकमेची असेल, तर उपायही त्याच जागी हवा.

चार. चूल राहणारच असेल तर ती कमी त्रासाची करा. सरपण पावसाआधी भरून, झाकून, वाळवून ठेवा आणि बारीक फोडून जाळा. खाली जाळी टाकली की हवा मिळते. भांड्यावर झाकण ठेवा, डाळ आधी भिजवा. धुराडं असेल तर महिन्यातून एकदा काजळी झाडा, आणि ते काम घरातल्या मुलांनी करायचं. मी मुलगेच म्हणतोय. बंब घराच्या वाऱ्याच्या उलट बाजूला न्या. नवी चूल विकत घेणार असाल तर भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का बघा. साध्या प्रकारच्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के कार्यक्षमता हे मानक आहे.

पाच. ज्यांनी माझ्यासारखी इंजिनिअरिंगची पदवी घेतली आहे त्यांच्यासाठी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आपण कुठलं तरी जुनं, तयार काहीतरी विकत आणून जमा करतो. त्याऐवजी चुलीचं तापमान नोंदवणारं स्वस्त यंत्र बनवा, भाकरीचा मोठा तवा बसेल अशी शेगडीची चौकट बनवा, बंबाची उष्णता टिकवणारं आवरण बनवा. आणि परीक्षकाला दाखवायच्या आधी रोज स्वयंपाक करणाऱ्या दोन बायकांना ते वापरायला द्या. त्या नापास करतील. मग पुन्हा बनवा.

सहावी गोष्ट फक्त मुलग्यांसाठी आहे. पुढच्या वेळी घरात सिलिंडर भरायचा की नाही यावर बोलणं निघालं, की ‘सरपण आहे ना अजून’ असं कुणीतरी म्हणेल. तेव्हा ते सरपण कुणी आणलं आणि त्याला किती तास लागले, हे सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा. आणि तुमच्या पहिल्या पगारातून घरी काय पाठवावं असा प्रश्न पडला, तर बारा महिन्यांच्या सिलिंडरचा हिशोब करून बघा. नव्या मोबाइलपेक्षा तो स्वस्त पडतो.

माझं बोलणं इथे थांबवतो. मघाशी हात वर केलेल्यांकडून मला ऐकायचं आहे. तुमच्या घरी भाकरी कुठल्या जाळावर होते, आणि सिलिंडर भरायचा हे कोण ठरवतं? मैत्रिणींनी आधी बोलावं. माइक मागे द्या.